आग्र्याचा लाल ताज आणि शिंद्यांचे विसरलेले शिपाई

उत्तर हिंदुस्थानातील मराठ्यांच्या खुणा शोधावयास निघालेला अभ्यासक प्रथम छत्र्यांकडे वळतो. पुण्याजवळ वानवडीस महादजी शिंद्यांची छत्री आहे, ग्वाल्हेरीस शिंदे घराण्याच्या छत्र्या आहेत, इंदुरास छत्रीबाग आणि कृष्णपुऱ्याच्या छत्र्या आहेत. या वास्तू राजघराण्यांच्या असल्यामुळे त्यांची निगा राखली गेली, त्यांच्यावर लेख लिहिले गेले आणि उत्सवप्रसंगी तेथे दिवेही लागतात. परंतु ज्या फौजांच्या बळावर ही घराणी मोठी झाली, त्या फौजांतील माणसांची स्मारके कोठे आहेत, असा प्रश्न आम्ही क्वचितच विचारतो. या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले असता पावले एका अनपेक्षित स्थळी येऊन थांबतात. ते स्थळ म्हणजे आग्रा येथील जुनी रोमन कॅथलिक दफनभूमी.

आग्र्यास जाणारा मराठी प्रवासी ताजमहाल पाहतो आणि किल्ला पाहतो. किल्ल्यात शिवाजीमहाराजांच्या आग्रा भेटीची आठवण काढतो आणि फत्तेपूर शिक्रीकडे निघतो. दिवाणी कचेरीच्या परिसरातील या दफनभूमीकडे त्याची वाट सहसा वळत नाही. तिचा इतिहास मात्र मोगल बादशहा अकबर आणि जहांगीर यांच्या काळापर्यंत मागे जातो. आग्र्यात व्यापारासाठी आलेले आर्मेनियन, जेझुइट पाद्री, पोर्तुगीज, इटालियन आणि इंग्रज अशा नाना देशींच्या ख्रिस्ती लोकांना येथे विसावा मिळाला. १६१४ साली मरण पावलेला जॉन मिल्डेनहॉल हा इंग्रज व्यापारी येथेच पुरला गेला. हिंदुस्थानातील इंग्रजांच्या ज्ञात थडग्यांपैकी हे सर्वांत जुने मानले जाते. वॉल्टर राइनहार्ट, ज्याला हिंदुस्थानी लोक समरू म्हणत, त्याचीही कबर येथेच आहे. तो १७७८ साली वारला. त्याच्या मागे त्याच्या पलटणींचे आधिपत्य बेगम समरूने केले आणि १८०३ च्या असईच्या रणात तिच्या पलटणी दौलतराव शिंद्यांच्या बाजूस होत्या, हे मराठी वाचकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

या सर्व थडग्यांत एक वास्तू दुरूनच डोळ्यांत भरते. उंच चौथरा, चारी बाजूंस मोठ्या कमानी, वर घुमट, भोवती लहान छत्र्या, अशी तिची घडण आहे. पाहणाऱ्यास ताजमहालाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. मात्र येथे संगमरवर नाही. सगळे काम आग्र्याच्या तांबड्या वालुकाश्माचे आहे आणि ताजच्या चार कोपऱ्यांवरील सुटे मनोरेही येथे नाहीत. लोक या वास्तूस ‘लाल ताज’ म्हणतात. आत चिरविश्रांती घेत असलेला पुरुष कोणी मोगल उमराव नाही. तो हॉलंडातील उत्रेख्त नगरीचा जॉन विल्यम हेसिंग, महाराज दौलतराव शिंदे यांच्या सेवेतील कर्नल आणि आग्र्याचा किल्लेदार होय. ही वास्तू त्याच्या विधवा पत्नीने व मुलांनी उभारली.

थडग्यावरील इंग्रजी लेख हा त्या शिपायाच्या आयुष्याचा संक्षिप्त जमाखर्चच आहे. हेसिंग १७५२ साली डच ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करी चाकरीत सिंहलद्वीपास आला. मृत्यूसमयी त्याचे वय ६३ वर्षे, ११ महिने आणि ५ दिवस होते, असे लेखात नोंदले आहे. त्यावरून हिशेब केला तर घर सोडतेवेळी तो बारा-तेरा वर्षांचा पोर होता, असे दिसते. पुढे तो मायदेशी परतला, १७६३ साली पुन्हा हिंदुस्थानात आला, निजामाकडे राहिला आणि १७८४ मध्ये महादजी शिंद्यांच्या चाकरीत शिरला. १७८७ साली आग्र्यानजीक भोंडागाव येथे इस्माईल बेगाशी झालेल्या लढाईत तो गंभीर जखमी झाला आणि त्याच पराक्रमाबद्दल त्यास कॅप्टनचा हुद्दा मिळाला. १७९८ मध्ये तो कर्नल झाला आणि त्यानंतर आग्र्याचा किल्ला व शहर त्याच्या हवाली झाले. दीर्घकाळच्या वेदनामय दुखण्यानंतर २१ जुलै १८०३ रोजी त्याचे देहावसान झाले.

अशा लेखांकडे इतिहासाच्या विद्यार्थ्याने दोन दृष्टींनी पाहिले पाहिजे. डचांनी कँडी घेतली त्या प्रसंगी हेसिंग हजर होता, असे थडगे सांगते आणि तो प्रसंग त्याच्या सिंहलद्वीपातील पहिल्या मुक्कामात घालते. परंतु डच फौज कँडीत शिरली ती १७६५ साली. हा मेळ बसत नाही. शोकाकुल कुटुंबाने बापाच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टी आठवतील तशा कोरविल्या, एवढाच याचा अर्थ. तथापि तो आपल्या माणसाची ओळख कशी देतो, हे पाहिले म्हणजे लेखाचे मोल कळते. डच जन्म, ख्रिस्ती धर्म, मोगली धाटणीची वास्तू, इंग्रजी भाषा, आणि या सर्वांमध्ये अभिमानाने मिरविलेली ओळख शिंद्यांच्या चाकरीची! हेसिंगच्या मुलाबाळांना आपल्या पित्याविषयी जगाला सांगावेसे वाटले ते हेच, की तो महादजी आणि दौलतराव यांचा सेवक होता व आपल्या धन्याची मर्जी त्याने रणांगणावर संपादन केली होती.

हेसिंग ज्या फौजेत वाढला, त्या फौजेची घडण समजल्यावाचून या थडग्याचा अर्थ उलगडत नाही. तालेगाव-वडगावच्या आणि त्यानंतरच्या मोहिमांत इंग्रजांच्या कवायती पायदळाचे बळ महादजींनी जवळून पाहिले होते. गनिमी काव्याच्या घोडदळास आता शिस्तीच्या पायदळाची व तोफखान्याची जोड हवी, हे त्यांनी ओळखले आणि बेन्वा द ब्वान्य या सव्हॉयच्या गृहस्थास हाताशी धरले. आपल्या कागदपत्रांत त्याचे नाव डिबॉइन असे येते. आरंभी साडेआठशे माणसांच्या दोन पलटणी उभ्या राहिल्या. १७८७ मध्ये लालसोटला महादजींच्या बाजूचे मोगली सैन्य ऐन रणात शत्रूला मिळाले, परंतु या पलटणी जागच्या हलल्या नाहीत. १७९० साली पाटण आणि मेडते येथे त्यांनीच राजपूत घोडदळाचे हल्ले परतविले. तोवर त्यांचा विस्तार पूर्ण ब्रिगेडपर्यंत झाला होता आणि आग्रा हे त्यांचे मोठे शस्त्रागार बनले होते. सँगस्टर नावाचा स्कॉट कारागीर तेथे तोफा ओतीत असे.

पाटणच्या लढाईनंतर हेसिंगचे आणि डिबॉइनचे बिनसले आणि हेसिंग त्या पलटणींतून बाहेर पडला. महादजींनी त्यास दूर केले नाही. उलट आपल्या खाशा रक्षकदलाची उभारणी त्याच्यावर सोपविली. १७९२ साली महादजी पुण्यास आले तेव्हा हेसिंग त्यांच्याबरोबर होता. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी महादजींनी वानवडीस देह ठेवला. ज्या छावणीत ते गेले, त्याच छावणीच्या जागी त्यांची छत्री उभी राहिली. वानवडीची छत्री आणि आग्र्याचा लाल ताज ही एका अर्थी धनी आणि चाकर यांची स्मारके होत. एकास पुण्यातील मराठी जन ओळखतात. दुसरे आपले आहे, याची जाणीवही फारशी कोणास नाही.

डिबॉइनच्या व्यवस्थेतील एक गोष्ट आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. त्या काळी बहुतेक दरबारांत शिपायांचे पगार महिनोन्महिने थकत असत आणि थकबाकीसाठी सरदारांच्या दारी धरणे धरावे लागे. डिबॉइनच्या पलटणींत पगार नेमाने मिळे. एवढेच नव्हे, तर जखमी शिपायास जखमेच्या मानाने पंधरा दिवसांपासून तीन-चार महिन्यांच्या पगाराइतके बक्षीस मिळत असे आणि उपचार चालू असता त्याचा पगार कापला जात नसे. जो कायमचा जायबंदी झाला, त्यास अर्ध्या पगाराचे आजन्म निवृत्तिवेतन व काही जमीन मिळे. रणात पडलेल्याची मालमत्ता त्याच्या नातलगांच्या हाती पोहोचविली जाई. जखमींना रणांगणावरून उचलून नेण्यासाठी वेगळी माणसेही नेमलेली होती. हर्बर्ट कॉम्प्टन याने १८९२ साली या युरोपीय सेनानींची जी चरित्रे लिहिली, त्यांत या गोष्टी नमूद आहेत. सैनिकाचे ऋण त्याच्या मृत्यूने किंवा अपंगत्वाने संपत नाही, हे तत्त्व अठराव्या शतकाच्या अखेरीस एका मराठी संस्थानिकाच्या फौजेत व्यवहारात उतरले होते. आपल्या इतिहासग्रंथांत लढायांची वर्णने पुष्कळ आहेत, या व्यवस्थेस मात्र एखाद्या वाक्याहून अधिक जागा मिळत नाही.

या पलटणींत होते तरी कोण? अधिकारी फ्रेंच, इंग्रज, स्कॉट, डच, इटालियन आणि मिश्र वंशाचे होते. शिपाई बहुतांशी अवध, रोहिलखंड आणि दुआबातील शेतकरी कुळांतले होते. त्यांत तेलंगे होते, नजीब होते, तोफखान्यावरचे गोलंदाज होते. मराठी मुलुखातली माणसे त्यांत थोडी. दरबारातील मुत्सद्दी आणि सरदार मात्र आपल्याकडचे होते. आणि त्यांतील काही थेट गोमंतकाच्या मातीतले. जिवबादादा बक्षी पेडण्याजवळील केरीचे, म्हणून केरकर. लखबादादा लाड हेही त्याच सारस्वत मंडळीतले. लालसोटच्या अरिष्टानंतर इस्माईल बेगाने आग्र्याच्या किल्ल्यास वेढा घातला, तेव्हा तो किल्ला लखबादादांनीच महिनोन्महिने लढविला. १८ जून १७८८ रोजी आग्र्याबाहेर इस्माईल बेगाचा पराभव होऊन वेढा उठला आणि उत्तरेतील मराठी सत्तेचे पाय पुन्हा स्थिरावले. भोंडागावच्या लढाईत हेसिंगने रक्त सांडले ते याच धामधुमीत.

आणि याच आग्र्यापुढे दहा-अकरा वर्षांनी काय घडले? महादजींच्या विधवा बायांच्या तंट्यात लखबादादांनी बायांचा पक्ष घेतला. डिबॉइननंतर सेनापती झालेल्या पेराँने १७९९ साली लखबादादांच्या पक्षाकडून आग्र्याचा किल्ला वेढा घालून घेतला. १८०१ मध्ये सेवढ्याजवळ झालेल्या लढाईत त्याने लखबादादांना पराभूत केले आणि त्या वृद्ध सेनानीला अखेर मेवाडात सलुंबर येथे आश्रयास राहून मृत्यूला सामोरे जावे लागले. ज्या वर्षी उज्जैनीजवळ यशवंतराव होळकरांनी हेसिंगच्या पुत्राच्या, जॉर्ज हेसिंगच्या, पलटणींचा धुव्वा उडविला आणि त्याचे बहुतेक युरोपीय अधिकारी मारले गेले, ते वर्षही १८०१ हेच. शिंदे-होळकरांच्या आपसांतील वैराची किंमत अशी तोलामोलाच्या माणसांनी मोजली. आग्र्याच्या रक्षकास आग्र्यात स्मारक नाही आणि आग्र्याच्या शेवटच्या किल्लेदारांपैकी एकाचे स्मारक मात्र शहराचे भूषण होऊन राहिले आहे. यात हेसिंगचा दोष नाही. त्याच्या माणसांनी त्याची आठवण ठेवली, एवढेच.

हेसिंग डोळे मिटून तीन आठवडे व्हायच्या आत इंग्रज-मराठ्यांचे दुसरे युद्ध पेटले. २९ ऑगस्ट १८०३ रोजी जनरल लेक अलीगडसमोर आला. त्याच सुमारास गव्हर्नर जनरल वेलस्लीच्या जाहीरनाम्याने शिंद्यांच्या चाकरीतील ब्रिटिश अधिकाऱ्यांना आपल्या बाजूस बोलाविले आणि येतील त्यांस निर्वाहवेतन कबूल केले. पुष्कळजण गेले. खुद्द पेराँ सप्टेंबरच्या आरंभी चाकरी सोडून इंग्रजांच्या आश्रयास गेला. परंतु शिपाई गेले नाहीत. अलीगडच्या शिबंदीने शरण येण्यास नकार दिला आणि ४ सप्टेंबर रोजी किल्ला पडला, तेव्हा तिच्यातील सुमारे दोन हजार माणसे कामास आल्याचे इंग्रजी अहवाल सांगतात. ११ सप्टेंबरला यमुनातीरी दिल्लीची लढाई झाली. ऑक्टोबरात लेक आग्र्यापुढे ठाकला. तेथील शिबंदीने तर आपल्याच युरोपीय अधिकाऱ्यांवर विश्वास न उरल्यामुळे त्यांस कैदेत टाकले. त्यांत जॉर्ज हेसिंगही होता. पित्याची कबर नुकतीच खोदली गेलेली, पुत्र त्याच शहराच्या किल्ल्यात स्वतःच्या शिपायांच्या पहाऱ्यात! १८ ऑक्टोबर रोजी आग्रा पडले. तेथे सापडलेला लाखोंचा खजिना विजेत्या सैन्यात वाटला गेला. किल्ल्यातील एक प्रचंड पितळी तोफ कलकत्त्यास नेण्याचा लेकने प्रयत्न केला. तराफा तिचे ओझे सोसू शकला नाही आणि ती यमुनेत बुडाली.

या पलटणींचा शेवटचा अध्याय १ नोव्हेंबर १८०३ रोजी लासवारी येथे लिहिला गेला. बहुतेक युरोपीय अधिकारी सोडून गेले होते. तरीही उरलेल्या सतरा पलटणी तोफांच्या रांगेमागे पाय रोवून उभ्या राहिल्या. गोलंदाज तोफेशी खिळून होते. संगिनीने भोसकले जाईपर्यंत त्यांनी तोफ सोडली नाही, असे शत्रूनेच लिहून ठेवले आहे. आपल्या आयुष्यात इतका बिकट प्रसंग कधी पाहिला नाही, अशी कबुली लेकने खाजगी पत्रात दिली. इंग्रजांकडील मृत व जखमींची संख्या आठशेवर गेली. शिंद्यांकडील पलटणी जवळजवळ नामशेष झाल्या आणि सत्तरावर तोफा शत्रूच्या हाती पडल्या. ३० डिसेंबर १८०३ रोजी सुर्जी अंजनगावच्या तहाने दिल्ली, आग्रा आणि गंगा-यमुनांचा दुआब शिंद्यांच्या हातून कायमचा गेला.

आता या सर्वांची स्मारके कशी वाटली गेली, ते पाहण्यासारखे आहे. विजेत्यांनी आपल्या मृतांची आठवण चोख ठेवली. अलीगडच्या किल्ल्यात तेथे पडलेल्या इंग्रजी अधिकाऱ्यांचे स्मारक आहे. दिल्लीच्या लढाईचा स्तंभ आज नोएडातील गोल्फच्या मैदानात उभा आहे. पराभूत पक्षातील ज्या सेनापतींनी धनसंचय केला, ते मायदेशी जाऊन सुखाने राहिले. डिबॉइनने शांबेरी या आपल्या जन्मगावी मोठा दानधर्म केला आणि तेथे त्याच्या स्मरणार्थ १८३८ साली उभारलेले हत्तींचे कारंजे आजही त्या गावाची खूण आहे. पेराँ फ्रान्सात १८३४ साली वारला. त्याच्या लहानग्या मुलांच्या कबरी आग्र्याच्या याच दफनभूमीत राहून गेल्या. इंग्रजांशी लढण्यास नकार दिला म्हणून यशवंतराव होळकरांनी १८०४ मध्ये व्हिकर्स, डॉड आणि रायन या आपल्या तीन अधिकाऱ्यांची मस्तके उडविली; त्यांचीही नावे इंग्रजी ग्रंथांत आदराने जपली गेली आहेत. ज्याच्या मागे लिहिणारा होता, त्याचे नाव राहिले.

लासवारीच्या गोलंदाजांच्या मागे लिहिणारा कोण होता? मराठी बखरकारांना ते परके वाटले, कारण ते अवधचे, रोहिलखंडाचे, परभाषिक होते. त्यांच्या स्वतःच्या मुलुखात त्यांना कोणी वीर म्हणून गौरविले नाही, कारण ते मराठ्यांच्या फौजेत मेले होते. इंग्रजांनी त्यांच्या शौर्याची स्तुती केली, ती मुख्यतः आपल्या विजयाचे मोल वाढावे म्हणून. अशा रीतीने तिन्ही घरांचा पाहुणा उपाशी राहावा, तशी त्यांची गत झाली. आमच्या मते हा केवळ विस्मरणाचा प्रकार नाही. आपण इतिहासातील माणसे जात, भाषा आणि प्रांत पाहून आपली म्हणतो. त्यांनी कोणाचे मीठ खाल्ले आणि कोणासाठी प्राण वेचले, हे पाहत नाही. हेसिंगच्या थडग्याने नेमका हाच दुसरा हिशेब मांडला आहे. त्या हिशेबाने उत्रेख्तचा हेसिंग, केरीचे जिवबादादा आणि दुआबातील अनामिक गोलंदाज हे एकाच खातेवहीत येतात.

येथे एका आठवणीचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. जेम्स स्किनर हा पुढे इंग्रजांकडे गेलेला आणि घोडदळाचा सेनानी म्हणून प्रसिद्धीस आलेला गृहस्थ आरंभी शिंद्यांच्याच पलटणींत होता. १८०० साली उनियाऱ्याच्या लढाईत तो जखमी होऊन प्रेतांच्या खचात रात्रंदिवस पडून राहिला. वाचलो तर चर्च बांधीन, असा नवस त्याने तेथे केला आणि १८३६ मध्ये दिल्लीस सेंट जेम्स चर्च पूर्ण करून तो फेडला. त्याची कबरही तेथेच आहे. परंतु त्याच्या आठवणींत आणखी एक माणूस भेटतो. त्याच्याशेजारी पाय तुटून पडलेला एक रजपूत सुभेदार होता. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीचे एक वृद्ध जोडपे भाकरी आणि पाणी घेऊन जखमींत फिरत आले. स्किनर पाणी प्यायला. सुभेदाराने मात्र, थोड्या घटकांच्या सोबतीसाठी आता जात कशाला घालवू, अशा अर्थाचे बोलून ते नाकारले. स्किनरचा नवस दगडात उभा राहिला. त्या सुभेदाराचे नाव कोणास ठाऊक नाही. आणि ज्यांनी त्या रणात पाणी फिरविले, त्या वृद्धांची तर इतिहासात एवढीच हजेरी आहे.

कोणी म्हणेल, की आपल्याकडे प्रेतास अग्नी देण्याची चाल, तेव्हा सामान्य शिपायाचे थडगे येणार कोठून? हा आक्षेप अर्धाच खरा आहे. देह अग्नीला दिला तरी दगड उभा करण्याची आपली परंपरा फार जुनी आहे. गोमंतक, बेळगाव, कोल्हापूर, कोकण आणि देशावरील शेकडो गावांच्या वेशीवर, देवळांच्या आवारात, पिंपळाच्या पारावर उभे असलेले वीरगळ हे दुसरे काय आहेत? खालच्या चौकटीत लढाई अथवा पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्यास स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर सूर्यचंद्र, अशी त्यांची ठरलेली मांडणी असते. गुरे वाचविताना पडलेल्या गावकऱ्यालाही असा दगड मिळे. गोव्यात कदंबांच्या काळचे वीरगळ सापडले आहेत आणि बोरिवलीजवळ एक्सर येथील वीरगळांवर नौकायुद्ध कोरलेले आहे. म्हणजे, राजा नसलेल्या माणसाचेही मरण गावाने नोंदून ठेवायचे असते, ही समज आपल्या समाजात सात-आठशे वर्षांपूर्वी पक्की रुजलेली होती. पुढे फौजा मोठ्या झाल्या, शिपाई गावापासून शेकडो कोस दूर पडू लागले आणि त्याच्यासाठी दगड उभा करणारे गाव त्याच्या जवळ उरले नाही. वीरगळांची चाल मागे पडण्याची कारणे आणखीही असतील. हे एक कारण आम्हांस महत्त्वाचे वाटते.

आग्र्याच्या दफनभूमीकडे आम्ही या दृष्टीने पाहतो. परक्या मुलुखात मरण आलेल्या शिपायाला त्याच्या कुटुंबाने उभा केलेला तो एक मोठा वीरगळच आहे. त्याची भाषा इंग्रजी आहे, घाट मोगली आहे, क्रूस ख्रिस्ती आहे. परंतु ज्या राज्यासाठी ही माणसे लढली, ते राज्य मराठ्यांचे होते. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणामुळे ही जागा आज टिकून आहे. तथापि दगडाचे रक्षण सरकारी खाते करू शकते, दगडामागच्या नात्याचे रक्षण ज्यांचे ते नाते आहे त्यांनीच करावे लागते. इ. ए. एच. ब्लंट या इंग्रज मुलकी अधिकाऱ्याने १९११ साली संयुक्त प्रांतातील ख्रिस्ती थडग्यांवरच्या लेखांची सूची प्रसिद्ध केली. म्हणून आज निदान त्यांतील नावे हाती लागतात. मराठी मंडळींनी ग्वाल्हेर, इंदूर, उज्जैन, झाशी, सागर, बडोदे, हैदराबाद, तंजावर येथील आपल्या समाध्या, छत्र्या, तुळशीवृंदावने आणि सतीशिळांची अशी एकत्र सूची अद्याप केलेली नाही. नदीकाठच्या बांधकामांत, रस्तारुंदीत आणि घरांच्या पायांत असे दगड दर वर्षी नाहीसे होत आहेत. वालुकाश्माचे पापुद्रे पावसाळ्यागणिक सुटतात आणि एकेक अक्षर खाली पडते.

हे काम फार खर्चाचे नाही. प्रत्येक केंद्रातील साहित्य मंडळाने आपल्या गावापुरती एक वही घालावी. जुनी स्मशाने, नदीचे घाट, देवळांची आवारे, ख्रिस्ती व मुसलमानी दफनभूमी यांतून हिंडावे. ज्या ज्या दगडावर पेशवे, शिंदे, होळकर, गायकवाड, पवार अथवा भोसले यांच्या चाकरीचा उल्लेख सापडेल, त्याची नक्कल जशीच्या तशी उतरून घ्यावी, छायाचित्र काढावे, स्थळ नोंदवावे. मृताची भाषा व धर्म कोणता, हे पाहून निवड करू नये. मोडी लेख वाचणारे थोडे उरले आहेत. ते आहेत तोवर त्यांस बरोबर न्यावे. दोन-चार वर्षांत जी सूची तयार होईल, ती अपुरी असेल, तिच्यात सामान्य शिपायांची नावे विरळाच येतील. परंतु हुद्देदारांच्या लेखांतूनच पलटणींची, छावण्यांची आणि लढायांची नावे हाती येतात आणि त्यांच्या आधारे दप्तरांतील पगारपत्रके धुंडाळता येतात. लासवारीच्या गोलंदाजांपर्यंत पोहोचण्याची वाट आम्हांस तरी हीच दिसते. पहिले पाऊल म्हणून ताज पाहावयास आग्र्यास जाणाऱ्या वाचकांनी एक तासभर राखून ठेवावा आणि त्या दुसऱ्या, तांबड्या ताजाच्या पायऱ्या चढून तेथील लेख एकदा समग्र वाचावा.